नातं शून्य

तुम्ही हसाल, पण परदेशातून शिकून आले तेव्हा माझी ठाम श्रद्धा होती, की एका टेबलाभोवती खेळायला बसवली की कुठलीही माणसं जोडता येतात. म्हणून मी आमच्या मंगळवार पेठेतल्या संभा आणि दिग्या या चुलतभावांना मुद्दाम शेजारी बसवलं. संभाच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत दिग्याच्या वडिलांचं नाव छापायचं राहिलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

खेळ असा, की प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. आधी शेजारच्या पात्राशी आपलं नातं किती, ते शून्य ते पाच यांत लिहायचं. शून्य असेल तर संकटात त्याला मदत करता येत नाही. दोघांनीही शून्य लिहिलं, वर दिग्यानं त्याखाली दोन रेघा मारल्या.

अर्ध्या तासात राक्षसानं दिग्याच्या योद्ध्याला धरलं. संभानं लगेच फासे उचलले.

"तुला मदत करता येणार नाही," मी म्हणाले. "नातं शून्य आहे."

"आगं, शून्य आमच्या दोघांत हाय! ह्यो राक्षस कोण लागून गेला मधी पडणारा?"

"पण नियमांच्या पुस्तकात..."

"तुज्या पुस्तकात भावकी न्हाय, त्याला मी काय करू?"

राक्षस मेला. मी पुस्तकाच्या समासात भावकीचा नियम लिहून घेतला आणि मनात म्हटलं, जमलं!

निघताना संभा मला म्हणाला, "त्याला सांग, पुढच्या रविवारी वेळेवर ये म्हणावं."

त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चप्पल घालत दिग्या मला म्हणाला, "त्याला सांग, येतो."