पुलावरची पहिली गाडी

शहात्तर साली शाहूवाडीकडच्या ओढ्यावर जिल्हा परिषदेच्या पैशातून पूल झाला. त्यावरून कोल्हापूरला जाणाऱ्या पहिल्या एस.टी.त बायडाबाई बाळंतीण लेकीला घेऊन बसली होती. तान्हं तिच्याच मांडीवर होतं. मागच्या बाकावर पुलाचे ठेकेदार आणि परिषदेचे एक सदस्य हळू आवाजात बोलत होते.

“मी अलीकडंच उतरतो,” ठेकेदार म्हणाले.

“आता? नारळ पल्याड फुटणार हाय.”

“तुमी व्हा म्होरं. मी मागनं चालत येतो.”

“खरं सांगा, काय झालंय?”

“मधल्या खांबाला तडा गेलाय.”

“केवढा?”

“बोट जातंय.”

“आन् हे आत्ता सांगताय?”

“हळू बोला. एक गाडी जाईल की तशी.”

“...मग मीबी उतरतो.”

पुढच्या बाकावर बायडाबाईनं सगळं ऐकलं. समोर पूल दिसायला लागला होता. तान्ह्याला छातीशी धरून ती उभी राहिली.

“ओ डायवरदादा, थांबवा गाडी!”

ड्रायव्हर मीरासाबनं करकचून ब्रेक दाबला. “काय झालं, मावशी?”

“ह्या दोघा सायबांस्नी हितं उतरायचं हाय.”

“का वो सायेब? पूल तुमीच बांधलाय न्हवं?”

“व्हय की. मला जरा गाडी लागती.”

“मग म्होरं या. दोघंबी माझ्याजवळ बसा. म्होरं गाडी लागत न्हाय.”

दोघंही जागचे हलले नाहीत. पलीकडच्या काठावर ताशा वाजत होता, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या.

मीरासाबनं जरा वाट पाहिली. मग कंडक्टरला म्हणाला, “खाली उतरून मागं बघ रं. गाडी फिरवतो.”