आधी सही कोणाची?

सावद्याच्या कचेरीत लिलाबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे थोरला कौतिक आणि धाकटा जीवराम हे दोघे भाऊ सामाईक विहिरीच्या वाटणीचा कागद घेऊन खोळंबले होते.

"भाऊ, तू मोठा. आधी तू सही कर."

"अन् मंग तू केलीच नाही तं? मी बांधला जाईन, तू मोकळा."

"मी आधी केली तं तू मोकळा."

"मंग एकेक अक्षर लिहू. एक माझं, एक तुझं."

पेन इकडून तिकडे फिरू लागलं. लिलाबाईंनी मान उंचावून वाचलं: कौ, जी, ति, व, क, रा.

"जीवराम, ‘म’ राह्यला ना."

"तुझी सही पुरी झाली ना, भाऊ?"

"झाली."

"मंग विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीची किल्ली दे. ‘म’ सवडीनं लिहीन."