पाळण्यातला मोहन

नावाची गोष्ट निघालीच आहे, तर ऐका. साठ सालाच्या सुमारास मला पोरगा झाला. दारव्ह्याच्या बाजारात ऐकलेलं नाव मी ठेवलं, मोहन. माझा बाप भडकला. "हे शहरी नाव आपल्या तांड्यात कायले? आपल्यात कोनाचं होतं?" पोराला हातही लावेना.

होळीला ढाडी आला. तो आमच्या पिढ्या तोंडपाठ गातो. पोराचं नाव त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. गात गात तो मूळपुरुषापाशी पोचला. "मोहन नाईक. त्यानंच मिठाच्या गोण्या लादलेले बैल या मुलखात आणले."

बाप उठला आणि पागोटं काढून पाळण्यापुढे वाकला. "माफी द्या, आजोबा. तुमी घरी आलते, अन मीच ओळखलं नाई."

मरेपर्यंत तो नातवाला 'अहो' म्हणायचा. त्या पोराचा कान धरायची माझीही कधी हिंमत झाली नाही.