खाली म्हंजे खाली न्हाई

…न्हाई, पर मला एक सांगा, खाली म्हंजे काय? तुमीच सांगा, तुमी चार गावं फिरलेली, देवाधर्माला निघालेली मानसं. गाडी भरली अन् गाडी खाली केली, हे तर शेंबड्या पोरालाबी कळतं की, खाली करनं म्हंजे माल उतरवनं. मंग ते हापिसात बसलेल्या पंतांला का कळू नये? अन् न्हाई कळलं तर न्हाई कळलं, पर त्यापायी माझ्या सुट्टीवर काट कशाला मारायची?... बसा, बसा, चहा येऊ द्या. ही समोर गाड्याची लाईन दिसायलीय ना तेल मिलच्या गेटापस्तोर, तिच्यात पार शेवटाला माझी गाडी हाय. सोयाबीन भरलेलं हाय. नंबर कवा येईल ते मिलवाल्यालाबी ठाव न्हाई, तवा मला फुरसतच फुरसत.

मी वैजीनाथ. येलदरीच्या अल्याडचं गाव माझं. ट्रकवर नवा हाय मी. आधी ट्रॅक्टर चालवायचो, कारखान्याला ऊस वाह्यचो. मंग मोठ्या गाडीचं लायसन काढलं अन् परभणीच्या दिनकररावांकडं लागलो. लागलो त्याच्या आदल्या आठवड्यातच मला लेक झाली. श्रद्धा नाव ठेवलं. ठेवलं म्हंजे सासरवाडीच्यांनी ठेवलं, मी तवा सोलापूरच्या रोडला होतो. बायको बाळंतपनाला माहेरी, चारठाण्याला, ती तिथंच राह्यली, कारन घरी येऊन करनार काय, नवरा तर गाडीवर. दोनदा उभ्या उभ्या जाऊन आलो, दोन्ही डाव लेक झोपलेली, अन् सासूबाई सारजाबाई दारातच हात आडवा लावून, "जावईबापू, उठवू नका, लय मिनतवारीनं झोपलीय." मी दुपट्याकडं बघून माघारी. दुपटं लय छान होतं, फुलाफुलाचं.

बरं. तर एक दिवस दिनकररावांनी समद्या ड्रायव्हरांला बोलावलं. कुनाची तरी गाडी पलटी झाली होती, आमची न्हाई, दुसऱ्या कुनाची, अन् विम्यावाल्यांनी म्हनं त्या मालकाला इचारलं, ड्रायव्हर किती तास जागा होता? मालकाला काय सांगता येईना. आता ते ऐकून आमचे मालक घाबरले. म्हणले, "हे बघा रे पोरांनो, आजपासून ज्याची ड्युटी त्यानं लिहायची. कवा चालवली, कवा थांबला, कवा झोपला. स्वतःच्या हातानं. म्हंजे कोन किती राबला ते दिसंल, अन् सुट्टीबी त्याच हिशोबानं भेटंल." अन् खताच्या दुकानावाल्यानं फुकट वाटलेल्या वह्या होत्या, त्यातली एक एक दिली. वर ढबू मिरचीचा फोटो.

तुमाला सांगतो, मला लय बरं वाटलं. म्हणलं, चला, पहिल्यांदाच कोनीतरी आपल्याला इचारायलंय की बाबा, तू झोपलास का? म्हातारा चंद्रभान होता मागं उभा, तीस वर्षं स्टेरिंगवर काढलेला मानूस, तो कानात म्हणतो, "कशाला लिहितो रं येड्या? माझी वही म्हंजे माझी कंबर. ती बोलली की मी समजतो, झाले तास." मी म्हणलं, न्हाई काका, आपुन नवे, आपुन कायद्यानं चालू. लिहून ठेव म्हणले, ठेवलं लिहून.

आता लिहायचं कसं, तर मुनीम विष्णुपंत. ते चष्म्यावरून बघतेत, त्याह्यनी सांगितलं, "वैजीनाथ, पोथी लिहू नकोस. एका शब्दात लिहीत जा. मला वाचायला वेळ नसतो." बरं म्हणलं. एका शब्दात. गाडी चालवली की लिहायचं 'चालू'. माल भरला की 'भरनं'. माल उतरवायला लागले की 'खाली'. डोळा लागला की 'झोप'. चार शब्दात मानसाचा समदा जलम बसला की न्हाई? अन् झोप तर अशी, की कवा कवा ते लिहायलोच न्हाई, उगं एवढ्या झोपेसाठी पेनाचं टोपन कशाला काढायचं.

आता खाली करनं म्हंजे काय असतं, ते ऐका. तुमाला वाटंल, गाडी गेटात गेली, हमाल चढले, पोती उतरली, झालं. तसं असतं तर मी आज मालक असतो! आधी गेटाच्या भाईर लाईन. लाईन जरा जरा पुढं सरकती, अन् ती सरकली की आपुनबी सरकायचं, न्हाई सरकलं तर मागचा हॉर्न देतो, मागच्याच्या मागचा तुमच्या आईची खबर घेतो, अन् एखादा बेरकी असतो, तो सरळ बाजूनं येऊन आपल्या म्होरं नाक खुपसतो. म्हंजे झोपायचं न्हाई. उतरून लांब जायचं न्हाई. जेवलं तर एक डोळा म्होरल्या गाडीच्या दिव्यावर ठिवून जेवायचं. मंग वजनाचा काटा. मंग माल बघनारा सायेब येतो, पोत्यात लोखंडी सळई खुपसून दाने काढतो, दाताखाली चावतो अन् म्हणतो, ओला हाय, बाजूला घ्या. बाजूला घ्या! आता बाजूला घेतली की लाईन गेली की न्हाई? मंग मालकाला फोन, मालकाचा मिलवाल्याला फोन, मिलवाल्याचा सायेबाला फोन, अन् मंग तेच दाने सुकतेत. मंग हमाल. हमालांची जेवनाची सुट्टी असती, त्याह्यला असती. असं दोन-दोन दिवस चालतं. अन् वहीत मी काय लिहायचो? खाली. लिहून ठेव म्हणले, ठेवलं लिहून.

त्या लाईनीतच मी चारठाण्याला फोन लावायचो. ज्ञानेश्वरी, म्हंजे माझी बायको, ती फोन पोरीच्या कानाला लावायची. मी म्हणायचो, "कोन हाय? माझी बाय हाय? काय करायलीय माझी बाय?" अन् तिकडनं हूं हूं. पहिल्यांदा नुसता श्वास यायचा, मंग हूं हूं, मंग एक दिवस हसली. तुमाला सांगतो, मागच्यानं हॉर्नावर हॉर्न देल्ला, मी सरकलोच न्हाई. खुपस म्हणलं नाक.

अन् मंग जावळाचा फोन आला. बायको म्हणली, "मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं ठरलंय. बामनानं दिस काढलाय. आवं, नाव ठिवताना तुमी नव्हता, आता तरी या. लोक इचारतेत, लेकराला बाप हाय का न्हाई." ते 'बाप हाय का न्हाई' लय लागलं मला. म्हणलं, येतो. येतो म्हंजे येतोच. आता काय भ्या हाय, आपली वही हाय की! राबलेलं समदं लिहिलेलं हाय, सुट्टी तर हक्काची.

गेलो वही घेऊन. विष्णुपंतांनी चष्मा लावला, बोट जिभेला लावलं, पान उलटलं. "चालू... भरणे... खाली. खाली. खाली." पुन्हा पान उलटलं. "खाली. खाली." मंग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "अरे वैजीनाथ, तू तर महिन्यातला निम्मा वेळ खालीच बसलेला आहेस, रिकामा. आणि सुट्टी कसली मागतोस?"

मी म्हणलं, "पंत, तसं खाली न्हाई. गाडी खाली करायले होते."

"कोण करायले होते?"

"हमाल."

"मग तू काय करत होतास?"

"मी... उभा होतो."

"झालं तर. उभा होता म्हणजे खालीच होता."

आता ह्याला काय म्हणावं? तुमी मघाशी दर्शनाच्या रांगेत उभं होता ना? त्याला कोनी म्हणलं का, हे बघा, हे लोक खाली बसलेत? मी दिनकररावांच्या तोंडाकडं बघितलं. मानूस वाईट न्हाई, खोटं कशाला सांगू. ते म्हणले, "मला कळतं रे पोरा. पर वही तुझी, अक्षर तुझं. म्या काय म्हनू?" म्हंजे बघा, आरोपी मी, अन् माझ्या इरोधात साक्ष देनाराबी मीच! अन् तीबी लेखी! गाडी त्याच दिवशी भरून लातूरला लावली. जावळाच्या दिवशी मी कुठं होतो म्हनता? लाईनीत. तिकडं वाजंत्री वाजायली होती, फोनात ऐकू यायली होती, अन् इकडं मला रडू आलं. म्होरला ड्रायव्हर म्हणला, "काय झालं?" मी म्हणलं, "डोळ्यात भुस्कट गेलं."

मंग मीबी इरेला पेटलो. म्हणलं, एका शब्दानं घात केला काय, आता बघा. समदं लिहायला लागलो. 'गाडी लाईनीत लावली. जरा सरकली. उतरून टायर बघितले. चढलो. जरा सरकली. पानी पिलो. मागच्याशी भांडलो. जरा सरकली.' पानंच्या पानं. ढबू मिरची पार फुगली. पुढच्या खेपेला पंतांनी ते वाचलं, समदं वाचलं, अन् म्हणले, "एवढं लिहायला वेळ कधी मिळतो रे? म्हणजे तू खालीच असतोस की." घ्या! कमी लिहिलं तरी खाली, जास्ती लिहिलं तरी खाली. लिहून ठेव म्हणले, ठेवलं लिहून, आता कुनाच्या नावानं बोंबलू?

मंग सुट्टी भेटली कशी? भेटली न्हाई हो मला. गाडीला भेटली. तिची आरटीओत पासिंगची तारीख आली, ती गेली रंगरंगोटीला, पत्रा ठोकायला. मालक म्हणले, "गाडी दोन दिवस उभी हाय, तू बी जाऊन ये." म्हंजे लोखंडाला आराम पाहिजे, तवा त्याच्यासंगं मानसालाबी.

जाऊ द्या. गेलो चारठाण्याला. जाताना खुळखुळा घेतला. दारात पाय ठिवला तर ओसरीवर एक टकलं लेकरू बसलेलं. मी बघितलं, म्हणलं शेजारच्यांचं आसंल, कारन माझ्या फोनातल्या फोटोतली पोरगी तर कुरळ्या केसाची. मी त्याला वलांडून आत गेलो अन् इचारलं, "श्रद्धा कुठंय?" सारजाबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणल्या, "जावईबापू, तुमी आताच वलांडलं तिला."

मी मागं फिरलो, उचललं तिला. अन् तिनं जे भोकाड पसरलं! मी म्हणायलोय, "बाय, मी हाय, तुझा बाबा हाय," अन् ती माझ्या तोंडाला मागं ढकलायलीय, दोन्ही हातानं. शेजारच्या बाया गोळा झाल्या. खुळखुळा वाजवला तर लयच भेली. शेवटी ज्ञानेश्वरीनं घेतली. तिचेबी डोळे भरले होते. म्हणली, "आवं, तिचा बाबा फोनात असतो. तुमी कोन ते तिला ठाव न्हाई. तुमी भाईर जा, अन् फोन लावा."

गेलो. काय करतो? आंगनाच्या फाटकाभाईर उभा राह्यलो, लावला फोन. "कोन हाय? माझी बाय हाय?" अन् आतलं रडनं एकदम बंद. हूं हूं करायली. हसली. मधी नुसती एक भिंत. मला तिचं हसू फोनातबी ऐकू यायलंय अन् भिंतीवरनंबी. वाटलं, आता ओळखलंय, हळूच दारातनं डोकावलो, तर पुन्हा तेच भोकाड. पुन्हा भाईर. पुन्हा फोन. दोन दिवस हेच. सासूबाई मला जेवायचं ताट फाटकापाशी आनून द्यायच्या.

परवा परत आलो तर विष्णुपंत वही घेऊन तयार. "वैजीनाथ, सुट्टीतलंही लिहायचं असतं. काय केलंस दोन दिवस? थोडक्यात लिही." म्या पेनाचं टोपन काढलं, लय इचार केला, अन् लिहिलं: 'चारठाणा. गेटाच्या भाईर उभा. नंबर आला न्हाई.'