ह्यांनी सीझरचं ठरवलं तेव्हा

आमच्या ह्यांची एक गंमत सांगते. माझं पहिलं बाळंतपण भोरच्या दवाखान्यात होतं. कळा येत होत्या, पण सावकाश. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बाळाचे ठोके चांगले आहेत, वाट बघता येईल. थांबणं नको वाटत असेल तर सीझर करू.”

मी म्हटलं, “थांबू या. ठोके बिघडले तर मात्र मला विचारत बसू नका, लगेच करा.”

हे पार घाबरलेले. मला कळ आली की बाईंच्या मागे लागायचे, “मॅडम, करून टाका हो!” ते ऐकून माझाही धीर सुटायला लागला. शेवटी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, “बाळंतपण तिचं हाय, तुजं न्हाई. घरी वरव्याला जा आन् बाळाला गुंडाळायला माजं जुनं लुगडं घिऊन ये.”

हे गेले. गडबडीत मोबाईल माझ्या उशाशीच राहिला. मी सासूबाईंचा हात धरून फेऱ्या मारत राहिले.

परत आले ते हे थेट डॉक्टरबाईंपुढे उभे राहिले. “मॅडम, माझं ठरलंय. आता तिचं काही ऐकू नका, सीझर करा!”

बाई म्हणाल्या, “कुणाचं? तुमची बायको आत लेकीला पाजतेय.”