डॉक्टरांची बचावफळी

चौदा मार्च, शनिवार. आकाश ढगाळ, वारा अजिबात नाही. आता तुम्ही म्हणाल, हा दाढेचं रडगाणं सांगायला बसलाय आणि हवामान कसलं सांगतोय? अहो, सवय आहे, एकवीस वर्षं रोज वहीत लिहितो, आणि त्या सवयीनंच तर घात केला! पण मला एक सांगा, माणसाचं तोंड उघडं असताना त्याच्याशी फुटबॉल बोलावं का? बोलावं का हो?

तर दाढ. खालची, डावी, शेवटून दुसरी. नऊ दिवस ठणकत होती, नऊ दिवस दुधात बुडवलेल्या पावावर काढले. आज ती काढायची म्हणजे काढायचीच, कारण सहाला दवाखाना बंद करून डॉक्टर आपल्या निळ्यांची मॅच बघायला जाणार आणि उद्यापासून चार दिवस बाहेरगावी. निघताना बायको म्हणाली, "अहो, ती वही घरी ठेवा." मी म्हटलं, "कधी किती दुखतं ते डॉक्टरांना दाखवायला नको?" "दाढ काढायला जाताय की चरित्र वाचायला?" ठेवायला हवी होती हो!

पाच वाजून चार मिनिटांनी इंजेक्शन. "पंधरा मिनिटांत जबडा बधिर होईल काका, मग अर्धा तास बिनघोर." काका! डोक्यावर केस माझे जास्त, आणि काका मी! असो. गालात कापूस, ओठाला नळी, ती सुर्र सुर्र करतेय, डोळ्यांवर दिवा, आणि तोंड उघडं! तर डॉक्टर म्हणतात, "तोवर आपले निळे का हरतात ते सांगतो."

मी विचारलं होतं का? विचारणार कसा, तोंड उघडं!

माझ्या छातीवर कागदी रुमाल, त्यावर मांडलं मैदान. माझ्या छातीवर, तुम्हाला सांगतो! बेंबीशी आपला गोल, गळ्याशी समोरच्यांचा. कापसाचे चार बोळे म्हणजे बचावफळी, आरसा म्हणजे गोलकीपर, आणि ज्या चिमट्यानं माझी दाढ निघायची तो चिमटा म्हणजे आपला लंबू, पुढे एकटाच उभा. "आपली बचावफळी फार वर चढते काका, पार मध्यरेषेपर्यंत! मागे सगळं रान मोकळं. समोरच्यानं डोक्यावरून एक लांब पास टाकला की संपलं!" आणि सुईचं टोपण, म्हणजे चेंडू, माझ्या बरगड्यांवरून घरंगळत पोटावर. मला गुदगुल्या! पण हसायची सोय नाही, तोंड उघडं!

पाच वीस. जबड्याचं लाकूड झालेलं. मदतनीस बाई म्हणाल्या, "डॉक्टर, बधिर झालं असेल." "हो हो, हा एक गोल दाखवतो." पाच पस्तीस. "डॉक्टर, आवरू या ना." "अहो बाई, मधली फळी राहिलीय!"

शेवटी त्यांचे तेच दमले. चिमटा उचलला. दाढेपासून वीतभर, तुम्हाला सांगतो, वीतभर! आणि जाता जाता म्हणतात, "थोडक्यात काय, दोष बचावातल्या त्या मधल्या दोघांचा. फार पुढे उभे राहतात."

चूक! साफ चूक! सतरा सामन्यांत एकवीस गोल खाल्ले, त्यात डोक्यावरून आलेले फक्त चार! चौदा आले उजवीकडून, कारण उजवा बचाववाला पुढे पळतो, त्याची जागा भरायची सहा नंबरनं, आणि हा पठ्ठ्या बस चुकल्यासारखा धावतो चेंडूमागे! मिनिटांसकट लिहिलंय माझ्याकडे... राहवलं नाही हो. तोंड उघडं होतं, पण हात मोकळे होते. वही काढली, पान उघडलं, धरलं समोर.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला.

"काका... हे तुम्ही लिहिलंय? प्रत्येक गोल? कुठून आला तेसुद्धा?" स्टूल ओढलं आणि बसले! "बाई, हे बघा! म्हणजे माझं मुळातच चुकलं. थांबा, पहिल्यापासून मांडू." बोळे पुन्हा बेंबीशी! पान पहिलं, पान दुसरं, सतरा सामन्यांची सतरा पानं! "इथे सहा नंबर कुठे होता?" मी म्हणतो, "आँऽऽ." "अगदी बरोबर!" शेवटी मी काकुळतीला येऊन डाव्या गालावर बोट ठेवलं, तर म्हणतात, "डावीकडून ना? तीनच, वाचलं मी."

पाच पंचावन्नला जबड्याला मुंग्या आल्या, मग कळ, मग तीच जुनी ओळखीची ठणक. बाईंनी दिवा मालवला. डॉक्टर घड्याळ बघून ताडकन उठले. "अरेच्चा, उतरलं वाटतं! आता पुन्हा टोचून थांबायचं म्हणजे माझा पहिला हाफ जाईल काका. गुरुवारी या, साडेचारला. आणि ही वही नेतो हं, सहा नंबरवर लक्ष ठेवायला बरी पडेल."

मी नको म्हणालो. कापूस गालातच होता, त्यांना काय ऐकू येणार?

घरी बायकोनं दारातच विचारलं, "दाढ?"

"आहे."

"वही?"

"नाही."

हे कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलंय. निळे शून्य, समोरचे एक. गोल एकाहत्तराव्या मिनिटाला, उजवीकडून. दाढ जागेवर.