तिसरा गिअर सोपानमामांचा

...आणि वर मलाच विचारतात, "महेंद्र, खरं सांग, गाडी कोण चालवत होतं?" अहो, कोण म्हणजे? स्टेअरिंग माझ्या हातात, ब्रेकवर पाय माझा, क्लचवर पाय माझा, हॉर्नवर तर अंगठा कायमचाच माझा... गाडी मीच चालवत होतो! आता गिअर तेवढा सोपानमामा टाकायचे, ही गोष्ट वेगळी. पण त्यात एवढं टीव्हीवर दाखवण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नाही. आठवीत शाळा सोडली तीसुद्धा गुरुजींना न सांगता, कारण सांगायला जायचं तर बोलावं लागलं असतं. मग पोपटआप्पांच्या जीपवर लागलो. शिरूर ते तळेगाव ढमढेरे, वडाप. म्हणजे जीप भरली की निघायचं, आणि जीप कधीच भरत नाही! पुढच्या सीटवर कंपनीनं माणसं धरली असतील तीन, आम्ही बसतो पाच. मला धरून पाच. त्यात मी कुठं? माझी निम्मी बैठक सीटवर, निम्मी नगर रोडवर! समोरून ट्रक आला की आधी खांदा आत घ्यायचा, मग गाडी बाजूला घ्यायची. डावा हात सोपानमामांच्या पाठीमागं अडकलेला. आणि गिअर? गिअर मामांच्या दोन गुडघ्यांच्या मधी!

सोपानमामा म्हणजे आमचे रोजचे पॅसेंजर. जन्म मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलण्यात गेला, आता रोज तळेगावला लेकीकडं जातात, नातवाला खेळवतात, सांजच्याला परत. सहा वर्षं त्यांची जागा ठरलेली. मी क्लच दाबायचा, म्हणायचं, "मामा, दुसरा." मामा टाकायचे दुसरा. पुढं पुढं तर म्हणावंही लागायचं नाही, इंजिन घुमलं की मामांचा हात आपोआप! न बोलता काम होतंय म्हणल्यावर माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे? पण गाडी मीच चालवत होतो, हे लक्षात ठेवा.

बिघडलं कुठं? मामा गेले पुतणीच्या लग्नाला. गिअरवर बसला म्हाळू, आप्पांचा भाचा, आणि वाटभर अंदाजानंच टाकत आला. तळेगावच्या शाळेपुढं राजश्रीबाईंना उतरवलं. या बाई तिथं शिकवतात, रोज आमच्याच जीपनं येतात, मधल्या सीटवर पर्स पोटाशी धरून डोळे मिटून बसतात... मला वाटायचं झोपतात, नंतर कळलं देवाचं नाव घेतात. तर मी म्हणलं, "म्हाळू, पहिला टाक." म्हाळू म्हणतो, "पहिला म्हंजी कुठला रं?" म्हणलं, "टाक रे, पुढं ढकल!" त्यानं दात-ओठ खाऊन काहीतरी टाकला, मी क्लच सोडला, आणि जीप निघाली मागं! शाळेचं गेट आडवं. दोन्ही दारं. शाळा भरायची वेळ होती, पोरांनी टाळ्या वाजवल्या!

बाई ओरडल्या असत्या तर खाली मान घालून ऐकलं असतं. बाई ओरडल्या नाहीत. बाईंनी पोस्टकार्ड लिहिलं. टीव्हीवाल्यांना! 'सुधारा स्टेअरिंग' नावाचा कार्यक्रम, त्यात म्हणे गावोगावचे वाईट ड्रायव्हर गोळा करायचे, सात दिवस शिकवायचं, आठव्या दिवशी रस्त्यावर परीक्षा. पास झाला तर सर्टिफिकेट. नापास झाला तर... टीव्हीवर नापास म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात नापास! आठवीत निदान गावापुरता तरी झालो होतो.

मी जाणारच नव्हतो. पण पोपटआप्पांनी चावी काढून घेतली. "मह्या, ते शिरटिफिकिट आन, आन् मग चावी घे. न्हाईतर जीप म्हाळूला देतो." म्हाळूला? ज्याला पहिला कुठला ते माहीत नाही, त्याला? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं. म्हणलं, सर्टिफिकेट आणायचं. कॅमेऱ्यापुढं मेलो तरी आणायचं!

केडगावच्या अलीकडं माळावर त्यांनी मैदान आखलं होतं. प्रत्येकानं सोबत घरचं माणूस आणायचं, असा नियम. घरचं म्हणून मी मामांना नेलं. मामा नवीन टोपी घालून आले. मोनाली म्हणून मॅडम होत्या, त्यांनी माइक थेट तोंडात... "महेंद्रजी, तुम्हाला काय वाटतं, तुमची सर्वांत मोठी चूक कोणती?" मी मामांकडं बघितलं. मामाच म्हणाले, "चूक त्याची न्हाई बाई, म्या लग्नाला गेल्तो."

मग आले शिकवणारे सर. मिशी अशी, की मैदान आखायला दोरी लागली नसती. दिली मला एक छोटी कार. मी सवयीनं दाराला चिकटून बसलो, मामा शेजारी. आणि काय सांगू, काय गाडी चालवली! वळणं घेतली, आठचा आकडा काढला, एक खांब पाडला नाही. सर मागं बसले होते, म्हणाले, "अरे, हा तर चांगला चालवतो! याला का आणलं?" माझी छाती एवढी फुगली. तेवढ्यात सर वाकले. बघतात तर माझा डावा हात मांडीवर, आणि गिअरवर मामांचा!

"थांबवा गाडी! हे काय चाललंय?"

"दुसरा टाकतोय," मामा म्हणाले.

"तुम्ही का टाकताय?"

"मग कोन टाकनार? त्यो गाडी चालवतोय न्हवं?"

ऐकलंत? मामासुद्धा तेच म्हणाले. गाडी मीच चालवत होतो!

पण सर ऐकतात होय! मामांना उतरवून मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसवलं. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि मी एकटा. शेजारी एवढी मोठी रिकामी सीट... माझ्या आयुष्यात गाडीत एवढी जागा मी पाहिली नव्हती! क्लच दाबला. वाट बघितली. सर म्हणाले, "कशाची वाट बघतोस?" मी म्हणलं, "पडतोय का बघतो." मोनाली मॅडम कॅमेऱ्याकडं बघून इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पण मी ठरवलं होतं. सात दिवस, तुम्हाला सांगतो, सात दिवस तो गिअर आणि मी! पहिल्या दिवशी दुसऱ्याऐवजी चौथा. दुसऱ्या दिवशी दांड्याची मूठच हातात आली. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "महेंद्र, मिनिटाला एकदा आरसा बघ, मागं काय चाललंय ते कळलं पाहिजे." बघितलं. मागं काय चाललं होतं? कडेला खुर्चीवर मामा, आणि मामांचा उजवा हात हवेत... माझं इंजिन घुमलं की तिकडं हात पुढं, हात मागं. मामा खुर्चीवर बसून गिअर टाकत होते! पाचव्या दिवशी मला जमलं. रात्री स्वप्नातसुद्धा आरसा बघून कूस बदलायला लागलो.

आठवा दिवस. परीक्षा. मैदानापासून केडगाव स्टेशनच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं, एकट्यानं. गाडीत एक कॅमेरा. गेलो. पहिला, दुसरा, तिसरा... सगळे माझे! फाटकाजवळ गाडी थांबवली. फाटक बंद. आणि आपल्याकडं काय आहे, गाडी उभी दिसली की ती भरायची असते. दार उघडलं आणि एक म्हातारी आत बसली! वच्छलाबाई नाव, नंतर कळलं. मेथीची टोपली तिनं ठेवली कुठं? नेमकी गिअरवर!

"चौफुल्याला सोड रं बाबा."

"आजी, ही वडाप नाही. परीक्षा चाललीय."

"मग लवकर चल की, मलाबी उशीर झालाय."

फाटक उघडलं. मागून हॉर्न. आजीचा हात टोपलीवर, टोपलीखाली गिअर. तोंडापर्यंत आलं होतं, "आजी, पहिला टाका." आलं होतं, खोटं कशाला सांगू! सहा वर्षं मी कुणाला "सरका" म्हणलेलं नाही. पाय चेंगरला तरी नाही. डोळ्यांपुढं आप्पांची चावी आली, म्हाळू आला... आणि मी बोललो. मोठ्यांदा बोललो! "आजी, टोपली मागं ठेवा! गिअर माझा हाय!"

आजी घाबरली बिचारी. टोपली मागं गेली. मी पहिला टाकला. स्वतः. दुसरा टाकला. स्वतः. आजीला चौफुल्याला सोडलं, कारण बसलेला पॅसेंजर मधेच उतरवायचा नसतो, आणि परत आलो.

सर म्हणाले, "एकट्यानं जायचं होतं, पॅसेंजर घेतलास, रस्ता बदललास. नियमानं नापास." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "पण नको तिथं बसलेल्याला जो सरकवतो, तो ड्रायव्हर. पास!"

आलो शिरूरला. आप्पांच्या हातावर सर्टिफिकेट ठेवलं आणि चावी घेतली. वर म्हणलं, "आप्पा, यापुढं पुढं दोघंच बसवणार. मी सरळ बसणार, पट्टा लावणार." आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही जीपच बोलली. "टीवीनं पोरगं बिघडवलं," म्हणाले. पण चावी परत मागितली नाही. राजश्रीबाई तर आता डोळे उघडे ठेवून येतात!

अवघड होतं ते एकच. स्टँडवर मामा आले, सवयीनं पुढचं दार धरलं. मी आरसा पुसायला घेतला. म्हणलं, "मामा... तुम्ही मधल्या सीटवर बसा." मामा म्हणाले, "व्हय व्हय, आता तुला येतंय की." गुमान जाऊन मागं बसले.

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, गाडी मीच चालवतो. गिअरसुद्धा मीच टाकतो. फक्त सरांचा नियम मोडत नाही, मिनिटाला एकदा आरसा बघतो. आरशात मधल्या सीटवर मामा असतात. इंजिन घुमलं की मामांचा उजवा हात मांडीवरून हळूच पुढं सरकतो... आणि मी तिसरा टाकतो.

येत नाही असं नाही! येतो! सर्टिफिकेट आहे माझ्याकडं! पण काल मामांना ताप होता, आले नाहीत. तर मी आपला आरसा बघतोय, बघतोय, हात काही दिसेना... म्हणलं, थांबावं जरा.

दुसऱ्यावरच तळेगाव आलं.